कुत्रं कुणाचं

ऊस तुटायला लागला की आतला बिबट्या उघडा पडतो. एका फडातून उठून दुसऱ्यात शिरतो, तोही तुटला की वस्त्यांच्या मागं येऊन बसतो. त्या साली मांडवगणच्या नदीकडच्या शिवारात तोडीच्या टोळ्या लवकर उतरल्या आणि थंडी पुरती पडायच्या आत हौसरावांच्या गोठ्यातलं वासरू गेलं. सकाळी त्यांची बायको झुंबरबाई धारेला गेली, तर दावं खुंट्याला तसंच होतं आणि पाचटातून काहीतरी ओढत नेल्याची रेघ उसाकडं गेली होती.

त्याच आठवड्यात माऊलीनं कुत्रं आणलं. माऊली हा तिचा एकुलता एक. पुण्याकडं त्याचा कुणी मित्र होता. तिथं बिल्डिंगमध्ये त्या कुत्र्यानं एका माणसाची मांडी फोडली, म्हणून ते त्याला ठेवता येईना. माऊलीनं हे लपवलं नाही. उलट कौतुकानंच सांगितलं, राखणीला असलंच जनावर लागतं म्हणाला. पिकअपमधून ते खाली उतरलं तेव्हा गोठ्यातल्या गायी दावी ताणून मागं सरल्या. काळंभोर, रुंद छातीचं, आखूड कानाचं. नाव ब्रुनो. झुंबरबाईची जीभ तिथं वळेना. ती त्याला बुरण्या म्हणायला लागली आणि थोड्याच दिवसांत ते त्याच नावाला मान वळवायला लागलं.

हौसराव सोसायटीचे माजी चेअरमन. पुन्हा निवडणूक लागलेली, त्यामुळं त्यांचा पाय घरात ठरत नव्हता. माऊली कांद्याच्या खेपा करायचा. सून अनुपमा कुत्र्याच्या वाऱ्याला उभी राहत नसे. मग त्याला भाकरी कुस्करणं, पाण्याची पाटी भरणं, कानातले गोचीड काढणं हे सगळं झुंबरबाईच्या अंगावर पडलं. कुणी तिला कर म्हणालं नव्हतं. घरातली बरीच कामं तिच्याकडं अशीच आली होती. दिवस मावळला की कुत्रं सोडायचं आणि उजाडलं की साखळीला अडकवायचं, हेही तिच्याकडंच. बांधलेलं कुत्रं बिबट्या अलगद उचलतो, म्हणून रात्री ते मोकळं ठेवायलाच लागायचं.

दूधवाल्याची पँट त्यानं फाडली तेव्हा सगळे हसले. मग टोळीतली एक बाई उसाच्या शेंड्याकडच्या वाढ्याचा भारा घेऊन बांधावरून चालली होती, तिच्या लुगड्याला धरून त्यानं तिला खाली पाडलं. बाईचं ढोपर सोललं. हौसराव म्हणाले, बांधावरून कशाला जायचं, रस्ता केलाय की. झुंबरबाईनं आपलं एक बऱ्यातलं लुगडं तिला दिलं आणि घरात नवऱ्याला म्हणाली, की ह्याला दिवसाही मुसकं घाला नायतर परत देऊन टाका. हौसरावांनी ऐकल्यासारखी मान हलवली. माऊली म्हणाला, आई, मुसकं घातलेलं कुत्रं राखण काय करणार?

शेजारची रोहिदासची वस्ती एका बांधापलीकडं. फुलंमाळवं करणारी माणसं. शेवंती, मेथी, थोडा कांदा. जमीन बेताची, पण हात चालणारे. रोहिदासची बायको भागुबाई आणि झुंबरबाई ह्यांची लेकरं एकाच झाडाच्या झोळीत निजली होती. दर गुरुवारी भागुबाई ओच्यात शेवंती घेऊन देवासाठी यायची आणि जाताना ताकाचा तांब्या घेऊन जायची. पंचवीस वर्षांत ह्यात खंड पडला असेल तो सोयरसुतकातच.

त्या गुरुवारी सकाळी म्हैस लाथा झाडत होती. झुंबरबाईचे गुडघे थंडीनं धरलेले. तिनं गोठ्यातूनच माऊलीला हाक मारून कुत्रं बांधायला सांगितलं. तो ओट्यावर फोनवर बोलत होता. व्हय म्हणाला आणि बोलत राहिला.

कुत्रं भुंकलं असतं तर तिला कळलं असतं. ते भुंकलं नाही. तिला आधी तांब्या दगडावर आपटल्याचा आवाज आला, मग एक घोगरा, अडकल्यासारखा आवाज, जो भागुबाईचा असेल असं तिच्या मनातही आलं नाही. ती चरवी टाकून बाहेर पळाली. भागुबाई अंगणाच्या कडेला आडवी पडली होती. तोंडावर घेतलेला उजवा हात कुत्र्याच्या जबड्यात होता आणि ते मान झटकत होतं. गालाचं कातडं आधीच लोंबत होतं. शेवंती सगळीकडं सांडलेली.

झुंबरबाईनं खराटा मारला. पाटी मारली. माऊली ओट्यावरून ओरडत होता, पण खाली उतरत नव्हता. शेवटी ती कुत्र्याच्या पाठीवर पडली, गळ्यातला पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "बुरण्या, सोड. सोड बाळा."

त्यानं सोडलं. जबडा उघडला, मागं सरलं आणि तिच्याकडं बघत बसलं. तोंडावरून रक्त गळत होतं आणि शेपटी हलत होती.

शिरूरला न्यायला हौसरावांचीच गाडी निघाली. मागच्या सीटवर भागुबाईचं डोकं झुंबरबाईच्या मांडीवर. हाताला गुंडाळलेला टॉवेल चिंब झालेला. रोहिदास पुढं बसून सारखा मागं वळून बघत होता. दवाखान्यात जखमा साबणानं किती तरी वेळ धुतल्या. मग जखमांतच इंजेक्शनं दिली, तेव्हा भागुबाईनं झुंबरबाईच्या दंडात नखं रुतवली. गाल शिवता येईल, पण मनगटाच्या नसा तुटल्यात, मोठं ऑपरेशन करावं लागेल, केलं तरी बोटं वळतील की नाही ते आज सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी कागद पुढं ओढला आणि कुत्रं कुणाचं, पाळीव की मोकाट, असं विचारलं. डोस कसे द्यायचे ते ठरवायला आणि वर कळवायला हवं असतं, म्हणाल्या.

रोहिदासनं हौसरावांकडं बघितलं. ते म्हणाले, "मोकाट हाय. शिवारात हिंडतंय कवापासनं."

ते इतक्या सहज म्हणाले, की झुंबरबाईला क्षणभर ते दुसऱ्याच कुठल्या कुत्र्याबद्दल बोलतायत असं वाटलं. खाटेवर भागुबाईचे डोळे उघडे होते.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी बायकोला भिंतीकडं घेतलं. दवाखान्याचं सगळं आपण बघू, शेजारधर्म आहे, असं ते म्हणाले. पण नाव लागू द्यायचं नाही. नाव लागलं की केस होते, आणि केस झाली की निवडणुकीत समोरचे लोक तीच घेऊन दारोदार फिरतील. शिवाय कुत्रं आणलंय माऊलीनं. "पोराला आत घालायचंय का तुला?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. चढवायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

ती संध्याकाळी घरी आली तेव्हा अंगणातला लोखंडी खुंटा उपटलेला होता. कुत्र्याच्या पत्र्याच्या आडोशाखाली वाढ्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. पाण्याची पाटी धुऊन कोंबड्यांना ठेवली होती. कुत्रं कुठंय म्हणून तिनं विचारलं, तर माऊली लांब सोडून आलो एवढंच म्हणाला. मग अनुपमेनं तिला चुलीपाशी हळूच सांगितलं, की नदीच्या पुलावरून पार पाटसच्या पुढं नेलं, तिकडं टोळ्यांच्या खोप्या आहेत, खरकटं मिळेल. झुंबरबाईला त्या खोप्यांत रांगणारी पोरं दिसायला लागली. ती तशीच उठून बाहेर गेली. अंगणात काहीच करण्यासारखं नव्हतं, म्हणून तिनं शेवंती वेचली. मातीत तुडवली गेलेली, काळी पडलेली. ती कुठं टाकावी तेही तिला कळेना.

रोहिदास गरीब स्वभावाचा माणूस. बाजारात आडत्यानं मालाला नाव ठेवलं तरी हसून खाली बघायचा. पण भागुबाईचं ऑपरेशन झालं आणि प्लॅस्टरबाहेरची बोटं मेलेल्या पालीसारखी पांढरी दिसायला लागली, तेव्हा तो एकटाच चौकीत गेला आणि कुत्रं हौसराव आबांचं आहे म्हणून लिहून आला.

हवालदार मोटरसायकलवरून वस्तीवर आले. हौसरावांनी त्यांच्यासाठी खुर्ची मागवली. रोहिदास त्यांच्याबरोबर आला होता. ज्या ओट्यावर तो इतकी वर्षं चहा प्याला होता, त्या ओट्यापासून दहा हात लांब, उन्हात, टोपी हातात धरून उभा राहिला. त्याला कुणी बस म्हणालं नाही.

हौसरावांनी सांगितलं, की जनावर मोकाट होतं. "आमच्या बायामाणसांनी कवा शिळं टाकलं आसंल. तुकडा टाकला म्हंजी मालक झालो का?"

रोहिदासनं हात लांब करून जमीन दाखवली. खुंटा उपटला होता, पण कुत्र्यानं साखळीला फिरून फिरून घासलेलं रिंगण अंगणात तसंच होतं, आतली माती चकचकीत दाबली गेलेली. हवालदारांनी तिकडं बघितलं. माऊली म्हणाला, तिथं वासरू असायचं. बिबट्यानं नेलं ते. त्याचा पंचनामा वनखात्याकडं आहे, हवा तर बघा.

झुंबरबाई चहा देऊन रिकामा ट्रे घेऊन दारात उभी होती. हवालदार तिच्याकडं वळले. "मावशी, तुम्ही तर तवा हितंच होता. तुमचं काय म्हणणं?"

रोहिदास तिच्याकडं बघत होता. हौसराव बघत नव्हते. ते बशीत चहा ओतत होते. हाताला पुन्हा पट्ट्याचं कातडं लागलं, बुरण्याच्या कानाशी तोंड नेलं तेव्हाचा वास आला. तिनं तोंड उघडलं.

"साखर कमी न्हाई ना झाली?" ती म्हणाली.

हवालदारांनी नाही म्हणून सांगितलं. रोहिदासनं टोपी डोक्यावर घातली आणि तो बांधावरून निघून गेला.

भागुबाईला घरी आणल्यावर झुंबरबाई रोज डबा घेऊन जायला लागली. भागुबाईची लेक ऋतिका कॉलेज बुडवून घरी राहिलेली. ती दारातच डबा घ्यायची, आत जाऊन रिकामा करायची, घासून परत आणून द्यायची. आत या असं म्हणायची नाही. थोड्या दिवसांनी ती म्हणाली, "काकू, आता मला जमतोय सैपाक." त्यानंतर झुंबरबाईनं डबा नेला नाही.

मग पाणी बंद झालं. रोहिदासचं पाणी नदीवरच्या सामाईक लाइनीतून यायचं आणि लाइन हौसरावांच्या रानातून जायची. पाणी सोडायचा वॉल त्यांच्या चिंचेखाली. आधी मोटार जळाली म्हणून सांगितलं, मग वॉल तुटलाय म्हणून. हौसरावांचा ऊस मात्र भिजत होता. रोहिदासचे कांद्याचे वाफे बांधून तयार होते आणि रोपवाटिकेत रोप पिवळं पडत चाललं होतं. तो आणि ऋतिका घागरींनी पाणी आणून रोपावर शिंपत. झुंबरबाई गोठ्यातून ते बघायची. एकदा ती स्वतः चिंचेखाली जाऊन वॉलचं चाक फिरवायला लागली, पण त्याला साखळी घालून कुलूप लावलं होतं. साखळी ओळखीची होती. बुरण्याची.

त्याच सुमारास माऊलीच्या फोनवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला. पाटसकडचा. टोळीच्या खोप्यांपाशी माणसांनी तारेनं बांधून एक काळं कुत्रं मारलेलं. ते कुणाला चावलं, किती चावलं, त्यात काही कळत नव्हतं. एक बाई मात्र मागं रडत होती. झुंबरबाईनं एकदाच बघितलं. माऊलीनं फोन बापाकडं दिला आणि मिटला विषय म्हणाला.

एका दुपारी भागुबाईनंच तिला हाक मारली. ती दारातल्या बाजेवर बसली होती. गालावरची शिवण ओढल्यानं तोंड एका बाजूला झुकलं होतं, बोलताना लाळ यायची आणि ती पदरानं पुसायची. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा. तिनं झुंबरबाईला तो दाखवला. अंगठा थोडा हलत होता. बाकीची बोटं हलत नव्हती.

शेवंती खुडायची तर आंगठा आन् बोट लागतं, असं ती म्हणाली. मेथीची जुडी बांधायची तरी लागतं. परवा वेणी घालायला लेकीपुढं बसले, तवा रडू आलं.

"मला तुमचं काय नको, वहिनी," ती शेवटी म्हणाली. "दवाखाना न्हाई, काय न्हाई. लोक म्हनत्यात मोकाट कुत्रं होतं, बाई कशाला वाटंला गेली. कुत्रं आमचं होतं, येवढं कुनीतरी म्हना. तुम्ही म्हना."

झुंबरबाईनं तो हात आपल्या हातात घेतला. गार होता. म्हणते, असं ती म्हणाली.

ती घरी जेवणाच्या वेळी नवऱ्याला म्हणाली, की मी खरं सांगणार. हौसरावांनी घास खाली ठेवला नाही. ते म्हणाले, सांग. पोलिसांनी माऊलीला नेल्यावर त्याच्याही डब्याची सोय कर. अनुपमा भाकरी थापायची थांबली आणि सासूकडं बघत राहिली. तिला सहावा महिना होता.

झुंबरबाईनं दोन दिवस विचार केला. विचार म्हणजे काय, तर गोठा झाडला, शेण काढलं, गवऱ्या थापल्या आणि सगळा वेळ तिच्या डोक्यात एकच फिरत राहिलं. भाकरी मी टाकली. नाव मी ठेवलं. बांधायचं काम माझं होतं, मी बांधलं नाही. मग कुत्रं माऊलीचं कशाला? माझंच. हे तिला एकदम लख्ख दिसलं आणि बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गुडघे दाखवायचे म्हणून सांगून ती धुवट लुगडं नेसली आणि वडापच्या जीपमधून चौकीत गेली.

हवालदारांनी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. तिनं सगळं सांगितलं. ती अडखळली नाही. कुत्रं माझं होतं, लिहून घ्या, काय शिक्षा आसंल ती मला द्या, असं म्हणाली.

ते ऐकून घेत होते. माणूस वाईट नव्हता. मग त्यांनी सांगितलं, की मावशी, आज सकाळीच रोहिदास येऊन गेला. कुत्रं मोकाट होतं, माझा गैरसमज झाला, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, असं त्यानं लिहून दिलंय. हौसराव आबा सोबत होते. त्यांच्याच गाडीत आले, त्यांच्याच गाडीत गेले.

"पन कुत्रं माझं हाय," झुंबरबाई म्हणाली.

"कुठं हाय कुत्रं?"

हवालदारांनी कागद बाजूला सारला. मग म्हणाले, आता तुम्ही लिहून दिलं तर आधी रोहिदासलाच बोलवावं लागेल, खोटं का लिहून दिलं म्हणून. ते गरीब जाईल ह्यात. घरी जा. आणि आबांना मी काही सांगत नाही, असं ते म्हणाले. ते तिच्यावर उपकार केल्यासारखं बोलले आणि तिलाही ते उपकारासारखंच वाटलं, ह्याची तिला जीपमध्ये बसल्यावर लाज वाटली.

ती फाट्यावर उतरली. घराकडं न जाता रोहिदासच्या बांधाला लागली. लांबूनच पाण्याचा आवाज आला. पाट भरून वाहत होता. वाफ्यांत बाया वाकून कांदा लावत होत्या, रोहिदास फावड्यानं वाफ्यांची दारं मोडून पाणी वळवत होता. त्यानं तिला बघितलं आणि पाठ वळवून पुढच्या वाफ्याकडं गेला. भागुबाई बांधावर पोतं टाकून बसली होती. पिवळं रोप बाजूला काढून, जगेल असं वाटणारं रोप निवडत होती. डाव्या हातानं. उजव्या हाताच्या कोपरानं पेंडी दाबून धरत होती.

झुंबरबाई तिच्याजवळ बसली. "भागू, मी चौकीत जाऊन आले," ती म्हणाली. "कुत्रं माझं होतं म्हनून सांगितलं."

भागुबाईचा हात थांबला नाही. तिनं एक काडी वर धरून मूळ बघितलं आणि ती चांगल्यात टाकली.

"आता नका म्हनू, वहिनी," ती म्हणाली. "पानी आलंय."

झुंबरबाई उठली, लुगडं वर खोचलं आणि रोपाची एक पेंडी उचलून चिखलात उतरली. चार काड्या तिनं लावल्या असतील. ऋतिका वाफ्यातून चालत आली आणि तिनं तिच्या हातातली पेंडी हळूच काढून घेतली. "असू द्या, काकू. बाया पुरत्यात आमच्या."

ती बांधावर चढली. चिखल घोट्यापर्यंत आला होता. भागुबाई मान वर न करता म्हणाली, की पाय धुऊन जावा, वाटंनं वाळला तर निघत न्हाई.

झुंबरबाई पाटात उभी राहिली. पाणी थंडगार होतं. तिनं एका पायानं दुसरा पाय घासला, मग दुसऱ्यानं पहिला. खालच्या वाफ्यात गढूळ पाणी शिरलं म्हणून एक बाई ओरडली, तेव्हा ती बाजूला झाली आणि ओल्या पायांनी बांधानं चालायला लागली. धारेची वेळ झाली होती.